पगार बंद, जोडकामही बंद

तारापूर एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या बहुतेक ड्राफ्ट्समनच्या घरी एक कॉम्प्युटर असतो आणि जेवणं उरकली की त्यावर खासगी कामं चालतात. कुणी फॅब्रिकेटरला टाकीचं ड्रॉइंग काढून देतो, कुणी पाइपिंगच्या ठेकेदाराला आयसोमेट्रिक. मीही तेच करायचो. बेटेगावातल्या फ्लॅटचा हप्ता पगारातून जायचा. मुलीची फी, गावचं येणंजाणं, दिवाळी हे सगळं खासगी कामावर. नोकरी गेलीच तर हे आहेच, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगायचो. २०२० साली नोकरी गेली आणि पाठोपाठ खासगी कामंही थांबली.

कोरोनाच्या नावावर सगळं टाकून मोकळं होता येतं, पण ते पूर्ण खरं नाही. टाळेबंदीतही औषधं बनवणारी युनिटं परवानगी घेऊन चालू होती. माल निघत होता, टँकर ये-जा करत होते. पण चालत्या प्लांटला ड्रॉइंग लागत नाही, तो जुन्या ड्रॉइंगवर चालतो. ड्रॉइंग लागतं ते नवा रिअ‍ॅक्टर बसवायचा असतो, शेड वाढवायची असते, लाइन फिरवायची असते तेव्हा. मालकाने हात आखडता घेतला की पहिली कात्री याच खर्चाला लागते. ज्या कारणाने माझ्या कंपनीला ड्राफ्ट्समन जड झाला, त्याच कारणाने माझ्या ठेकेदारांनाही ड्रॉइंग नको झालं. त्यातून माझ्यासारखेच आणखी काहीजण घरी बसलेले. सगळे त्याच चार ठेकेदारांना फोन करणार, मग दर पडायला कितीसा वेळ लागतो?

आणि हे साथीतच घडतं असंही नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं क्लोजर, सांडपाणी कमी व्हावं म्हणून केलेली पाणीकपात, कोर्टकचेऱ्या, हे तारापूरला नवं नाही. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद ही मच्छीमार समाजाची संघटना प्रदूषणाच्या तक्रारीवरून २०१६ साली हरित लवादात गेली आणि पुढची कित्येक वर्षं इथल्या कारखानदारांच्या मानेवर ते प्रकरण होतं. मच्छीमारांची तक्रार रास्तच होती. खाडीची काय दशा झाली ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पण अशा काळात नवीन काम काढायला कुणी धजत नाही, आणि झळ एका कंपनीला न लागता अख्ख्या पट्ट्याला लागते. नोकरी तारापुरात आणि जोडकामाची गिऱ्हाइकंही तारापुरात, तर तुमचे उत्पन्नाचे मार्ग दोन नाहीत. तो एकच मार्ग आहे, फक्त पैसे दोन तारखांना येतात.

आमच्यातला एकजण मात्र तरला. तो मूळचा सिव्हिलचा. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला स्वतंत्र जिल्हा झाला, कोळगावला मुख्यालय उभं राहायला लागलं, तसं पालघर शहरातल्या आर्किटेक्टांकडचं काम वाढलं. हा दर सुट्टीला तिथे जाऊन बसायचा, बांधकाम परवानगीचे नकाशे काढून द्यायचा. शिवाय वसईतल्या गाळ्यांत मशीन बनवणारे एक-दोघे त्याने धरून ठेवले होते. आम्ही त्याला हसायचो. हाकेच्या अंतरावर एमआयडीसी असताना लोकलने वसईला कशाला जायचं? टाळेबंदीत त्याचंही काम थांबलं, पण सुरू झालं ते आमच्या आधी, कारण त्याची गिऱ्हाइकं वेगवेगळ्या धंद्यांतली होती.

तेव्हा गिऱ्हाईक निवडताना दर दुय्यम धरा आणि आधी बघा की त्याचा धंदा आपल्या कंपनीसोबत बसणार आहे का. दुसरं, कायद्याने करावीच लागतात अशी कामं शिकून घ्या. कारखान्याचा नकाशा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो, मशिनरी हलली की सुधारित नकाशा लागतो. अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते लायसन्सधारक एजन्सी देते, पण हायड्रंटचा लेआउट, आपत्कालीन मार्गाचा नकाशा कुणाला तरी काढावाच लागतो. जुन्या प्लांटची अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंग्ज तर अनेक ठिकाणी नसतातच. टेप घेऊन पाइपरॅकखाली दिवस काढायचा म्हणजे कपड्यांचा वास दोन धुण्यांत जात नाही, म्हणून हे काम कुणाला नको असतं. मला याच कामाने सावरलं.

मात्र ड्रॉइंग काढणं वेगळं आणि त्यावर सही करणं वेगळं. बांधकामाच्या नकाशावर सही आर्किटेक्टची किंवा परवानाधारकाची. आयबीआर म्हणजे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सखाली येणारी स्टीम लाइन असेल तर ड्रॉइंग बाष्पके संचालनालयाकडून मंजूर होऊन यायला हवं. ‘तूच कर ना सगळं, तुला येतं की,’ असं म्हणून खांद्यावर हात ठेवणारे भेटतील. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर ती जबाबदारी पेलत नाही.

आता जरा टायटल ब्लॉकबद्दल, कारण पैसे तिथेच अडकतात. एका फॅब्रिकेटरला मी एसएस टाकीचं जीए ड्रॉइंग मंजुरीसाठी पाठवलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर, रेव्हिजन शून्य. त्याच्या पार्टीने मॅनहोल फिरवायला सांगितलं. मी रेव्हिजन एक पाठवलं. दरम्यान शून्यची प्रिंट काढून फिटरने भिंतीला चिकटवली होती, आणि कटिंग तिच्यावरूनच झालं. शिडी नेमकी मॅनहोलसमोर आली. माणूस आत उतरणार कसा? शेल कापून पॅच मारायची वेळ आली. बिल मागायला गेलो तेव्हा शेठ म्हणाले, ‘भाऊ, ड्रॉइंग तुझं. जॉब माझा रिजेक्ट झालाय, आणि तू बिल कसलं मागतोस?’ रेव्हिजन एक पाठवल्याची तारीख-वेळ माझ्या फोनवर होती. ती दाखवल्यावर निम्मे पैसे मिळाले, तेही पुढच्या कामाच्या आशेवर लोंबकळत. तेव्हापासून मंजुरीच्या ड्रॉइंगवर आडवं, मोठ्या अक्षरांत ‘फॅब्रिकेशनसाठी नाही’ लिहितो, बदललेल्या जागेभोवती ढग काढतो, रेव्हिजनच्या रकान्यात काय बदललं ते एका ओळीत टाकतो आणि ईमेलवर ‘मंजूर’ असं उत्तर आल्याशिवाय पुढची शीट देत नाही. काम सुरू करण्याआधी थोडा अ‍ॅडव्हान्स, आधी पीडीएफ, सगळे पैसे आल्यावर डीडब्ल्यूजी फाइल. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी हाच क्रम.

‘पार्टीकडून आले की देतो’ या वाक्यावर इथले अर्धे ड्राफ्ट्समन जगतात. त्यावर एक सरकारी इलाज आहे आणि तो फुकट आहे. उद्यम नोंदणी करा. आधार आणि पॅनवर ती ऑनलाइन होते, फी नाही. फीचे पैसे मागणारी बनावट संकेतस्थळं आहेत, त्यांच्यापासून सांभाळून. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदाराने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात; उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मोठी गंमत अशी की, मुदत उलटून वर्षअखेरीलाही थकलेलं असं बिल खरेदीदाराला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचे सीए स्वतःहून आपला उद्यम नंबर विचारतात. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. ती करावी लागली तर ते गिऱ्हाईक गेलंच समजा, पण बिलावर नंबर छापलेला असला की फोन लवकर उचलला जातो, एवढं खरं. नोंदणी मात्र काम घेण्याआधीची हवी.

नोकरीत असताना हे सगळं करायचं तर आधी आपलं नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेरचं काम करायला मनाई आहे का, लेखी परवानगी लागते का? कंपनीच्या गिऱ्हाइकाचं काम परस्पर घेऊ नका, ऑफिसचे ब्लॉक आणि स्टँडर्ड शीट पेनड्राइव्हवर घरी आणू नका. यावरून सेटलमेंट अडकलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि सलग ५ वर्षं झालेल्या माणसाची ग्रॅच्युइटी त्या वादात लांबली की घर हलतं. सॉफ्टवेअरचंही तेच. क्रॅक केलेल्या कॉपीवर धंदा करू नका. ऑटोकॅडचं वार्षिक भाडं परवडत नसेल तर एकदाच पैसे भरून मिळणारी, डीडब्ल्यूजी उघडणारी दुसरी पॅकेजेस बाजारात आहेत. साध्या टूडी कामाला ती पुरतात.

हप्त्याचं गणित बँक सहसा पगारावरच करते. आपण मात्र मनातल्या मनात जोडकामाचे पैसे मिळवून एक खोली जास्तीची घेतो. चिल्हार रस्त्याने बेटेगावापासून पुढे उभ्या राहिलेल्या इमारतींत असे कित्येक फ्लॅट आहेत. जोडकामाच्या पैशांना महिन्याच्या खर्चात येऊ देऊ नका. निदान सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात साठेपर्यंत तरी नाही.

हल्ली कुणाशीही बोला, वाढवणचं नाव निघतंच. बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली, खर्च सुमारे ७६ हजार कोटी. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय. त्यामुळे कामाला तोटा नाही, असं मंडळी म्हणतात. माझं मत वेगळं आहे. एवढ्या मोठ्या प्रकल्पांची ड्रॉइंग्ज मोठ्या सल्लागार कंपन्यांच्या ऑफिसांत थ्रीडी मॉडेलवर होतात. आपल्या वाट्याला येईल ते शेड, गोदामं, गाळे, टाक्या. तेही कमी नाही, पण रेव्हिट किंवा टेक्ला यातलं एक काहीतरी आत्ता, पगार चालू असताना शिकून ठेवा. घरी बसल्यावर शिकायला वेळ मिळतो, पण फी भरायला पैसे उरत नाहीत.

आणि एक काम याच आठवड्यात करा. आपल्या खासगी गिऱ्हाइकांची यादी काढा, प्रत्येक नावापुढे त्याचं काम कुणाच्या पैशांवर चालतं ते लिहा. निम्म्याहून जास्त नावांपुढे तारापूरचे कारखाने आले, तर पुढचं गिऱ्हाईक पालघरला किंवा वसईला शोधा. पहिली काही कामं कमी दरात करावी लागली तरी चालेल.