गारा थांबेपर्यंतचा पश्चात्ताप

वाचन : निर्गम ९:१३-३५



गारपीट म्हणजे काय, हे बुलडाणा जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये गारांनी गहू-हरभऱ्याची उभी शेते झोपवली, हे आपण विसरलेलो नाही. म्हणूनच इजिप्तवरील सातवी पीडा आपल्याला चटकन कळते. धर्मग्रंथ तेथे पिकांचाही हिशेब देतो : सातू कणसावर होता आणि जवस फुलावर, ती दोन्ही पिके गेली, गहू उशिरा येणारा, म्हणून वाचला (९:३१-३२).

फारो राजाने इस्राएली लोकांना विटा पाडण्यास जुंपले होते. पेंढा देणे बंद केले, पण विटांचा आकडा तोच ठेवला (५:७-८). त्यांना सोडावे, हा परमेश्वराचा निरोप मोशेने वारंवार दिला. सहा पीडा आल्या तरी फारो बधला नाही. गारा कोसळू लागल्या तेव्हा मात्र त्याने आपले पाप कबूल केले आणि लोकांना सोडण्याचे वचन दिले (९:२७-२८). आकाश मोकळे होताच त्याने शब्द फिरवला (९:३४). त्याला पीडा नको होती, पण फुकटचे मजूर हवे होते.

त्याच्याच काही सेवकांनी मात्र इशारा ऐकताच माणसे आणि गुरे घरात आणली (९:२०). ती वाचली.

येथे एक गैरसमज टाळू या. एखाद्याच्या शेतावर गार पडली, म्हणजे देवाने त्याला शिक्षा केली, असे म्हणू नये. देव नीतिमान आणि अनीतिमान दोघांवरही पाऊस पाडतो, असे प्रभू येशूने शिकवले (मत्तय ५:४५).

फारोचे दुखणे आपल्यातही आहे. आजारपणात आपण देवाला शब्द देतो आणि अंथरुणातून उठलो की विसरतो. पापनिवेदन करून घरी येतो, पण मजुराचे अडवलेले पैसे अडलेलेच राहतात, भावाचा कोरलेला बांध तसाच राहतो. केलेले नुकसान शक्य तितके भरून द्यावे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जक्कयाने तर चौपट परत करण्याचे कबूल केले (लूक १९:८).

या आठवड्यात घरातील सर्वांनी मिळून विचार करू या : कोणाचे काय आपल्या मुठीत अडकले आहे? आकाश निरभ्र असतानाच ते परत करू या.