घरघर की थरथर?

विमानाच्या मॉडेलमधला सर्वो बिघडला की इंदरगंजातल्या आमच्या घरी तो माझ्याकडे येतो. सर्वो म्हणजे पंखाच्या, शेपटीच्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर. बिघाड ओळखायला मराठीतले दोन शब्द पुरतात. घरघर ऐकू येते, पण दांडी हलत नाही? बहुधा गिअरचे दात गेलेत. नवा संच बसवा, झालं. दांडी थरथरते? मग बहुधा दांडी कुठवर फिरली ते कळवणारा आतला पोटेन्शिओमीटर मळलाय किंवा झिजलाय. साफ केला की थरथर थांबते, पण भरवसा नाही. असा सर्वो एलिव्हेटरला लावूच नका! विमानाचं नाक वर-खाली करणारा तो बहुधा एकटाच असतो. हवेत अडकला तर खाली माणसं असतात. तिथे नवाच घ्या. हलक्या फोमच्या मॉडेलला ९ ग्रॅमचा चालतो, जड असेल तर धातूच्या गिअरचा, जास्त ताकदीचा. दुरुस्त केलेला मी भावाच्या रोबोला देते.