फार्मसी शिकायची का? फॉर्म भरण्याआधी काउंटरचा हिशोब मांडा



बारावीचा निकाल लागला की मानोऱ्यात माझ्या दुकानावर गर्दी वाढते. स्टेशनरी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म असं आपलं दुकान. यंदा एक काका मुलाला घेऊन आले. कागदांची पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "सर, पोराले डी.फार्म.ले टाकतो. दोन वर्षांत मेडिकल टाकून देऊ. दीड एकर गहाण ठेवाची तयारी आहे माही."

मी फॉर्म उघडला नाही. विचारलं, "काका, मेडिकल कुठं टाकणार? रोजचा गल्ला किती धरला?"

काका म्हणाले, "ते तं नाही मांडलं. पण मेडिकलवाला कधी तोट्यात पाह्यला काय तुमी?"

मित्रांनो, हा प्रश्न आपल्या भागात घरोघरी आहे. म्हणून आजचा धडा याच विषयावर. फार्मसी चांगली की वाईट हे मी सांगणार नाही. ती कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, एवढं आपण हिशोबाने बघू.

कोणता कोर्स कशासाठी?

डी.फार्म. म्हणजे दोन वर्षांचा डिप्लोमा आणि वर ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण. बारावी सायन्स लागतं, सीईटी लागत नाही. हा कोर्स मुख्यतः मेडिकल आणि दवाखान्याच्या काउंटरसाठी आहे.

बी.फार्म. चार वर्षांचं. एमएचटी-सीईटी द्यावी लागते. यातून कंपनी, औषध निरीक्षकाची परीक्षा, एम.फार्म. असे रस्ते उघडतात. डी.फार्म. झालेल्यांना बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे डिप्लोमा केला की दार कायमचं बंद झालं असं नाही.

फार्म.डी. सहा वर्षांचं, हॉस्पिटलमधल्या कामाकडे झुकलेलं.

दोन गोष्टी प्रवेशाआधी तपासाच. एक, कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का. ती नसेल तर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर कायद्याने तुम्ही फार्मासिस्ट नाही. दोन, डिप्लोमानंतर एक्झिट परीक्षेचे नियम २०२२ मध्ये आले आहेत. आपल्या बॅचला नोंदणीसाठी काय लागणार, ते कॉलेजला आणि कौन्सिलला दोघांनाही विचारा.

नोकरी मिळते का?

मिळते. पण कोणती आणि किती पगाराची, ते बघा.

सरकारी बाजूला जिल्हा परिषदेत आणि सरकारी दवाखान्यात औषध निर्माण अधिकारी हे पद असतं. २०२३ च्या जिल्हा परिषद मेगाभरतीत एकूण १९,४६० पदं होती आणि त्यात हे पदही होतं. पण अशी भरती दरवर्षी निघत नाही आणि एका जागेमागे उमेदवारांची रांग असते. त्या भरवशावर जमीन गहाण ठेवू नका.

कंपनीची नोकरी हवी असेल तर बी.फार्म. करा आणि गाव सोडायची तयारी ठेवा. छत्रपती संभाजीनगरचं वाळूज, पालघरचं तारापूर, पुणे, गोवा इकडे कारखाने आहेत. एमआरची नोकरी आहे, पण ती पायाला भिंगरी आणि डोक्यावर टार्गेट अशी आहे.

उरली मेडिकलवरची नोकरी. इथे गर्दी का झाली ते समजून घ्या. कॉलेजं फार वाढली म्हणून फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. संस्था कोर्टात गेल्या. दिल्ली हायकोर्टाने २०२२ मध्ये ती बंदी रद्द केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानेही कौन्सिलचं अपील फेटाळलं. त्यानंतर नव्या कॉलेजांचा रस्ता मोकळा झाला. बाजाराचा साधा नियम आहे, माल वाढला की भाव पडतो. सर्टिफिकेटचंही तेच.

आता मेडिकलचा हिशोब

वही घ्या. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे आकडे टाकून बघा.

समजा रोजची विक्री ६,००० रुपये. महिन्याची झाली १,८०,०००.

नफा किती? ज्या औषधांची किंमत सरकार बांधून देतं, त्यात रिटेलरसाठी १६ टक्के धरलेले असतात. बाकीच्या औषधांवर व्यापारात साधारण २० टक्के चालतं. आपण सरासरी १८ धरू. म्हणजे ३२,४०० रुपये.

आता खर्च:
- दुकानभाडं ५,०००
- वीज, इंटरनेट १,५००
- मदतीला एक मुलगा ७,०००
- सॉफ्टवेअर, हिशोबनीस १,०००
- एक्स्पायरी आणि तुटफूट, विक्रीच्या १ टक्का, १,८००

एकूण १६,३००. उरले १६,१००.

दुकान लावायला ५ लाखांचं कर्ज घेतलं, १० टक्क्यांनी, ५ वर्षांसाठी, तर हप्ता साधारण १०,६००. हातात राहिले ५,५००. सकाळी नऊ ते रात्री नऊ उभं राहून.

हीच विक्री रोज १०,००० झाली तर? महिना ३ लाख, नफा ५४,०००, खर्च १७,५००, हप्ता गेल्यावर हातात २५,९००. म्हणजे सगळा खेळ रोजच्या गल्ल्याचा आहे, सर्टिफिकेटचा नाही.

दोन खड्डे आणखी सांगतो.

पहिला खड्डा डिस्काउंटचा. शेजारच्याने १० टक्के सूट लावली म्हणून तुम्हीही लावली, तर ६,००० च्या गल्ल्यावर महिन्याला १८,००० रुपये गेले. ३२,४०० चे राहिले १४,४००, आणि खर्च १६,३००. हप्ता भरायच्या आधीच तोटा! सूट देऊन ग्राहक दुप्पट होणार असतील तरच विचार करा.

दुसरा खड्डा उधारीचा. आपल्याकडे "सोयाबीन निघालं की देतो" हे वाक्य प्रत्येक दुकानदाराला पाठ आहे. विक्रीतले १५ टक्के उधार गेले तर महिन्याला २७,००० आणि चार महिन्यांत १,०८,००० रुपये लोकांच्या घरात. एजन्सीवाला मात्र तेवढं थांबत नाही. आजारी माणसाला परत पाठवता येत नाही, हे मलाही कळतं. म्हणूनच उधारीची रक्कम भांडवलात आधी धरायची.

आणि जागा बघताना गर्दीला भुलू नका. रामनवमीला पोहरादेवीला लाखो भाविक येतात, पण त्या चार दिवसांवर वर्षभराचं भाडं निघत नाही. बीपी, शुगर, थायरॉईडचा पेशंट दर महिन्याला येतो. जवळ रोज बसणारा डॉक्टर आहे का, हे आधी बघा.

माझी चूक

आता जे सांगतो, ते सांगायला जड जातं.

माझ्या मामेभावाने डी.फार्म. केलं. पास झाल्यावर दुसऱ्या तालुक्यातल्या एका मेडिकलवाल्याने त्याला विचारलं, "सर्टिफिकेट लावायला दे, महिन्याला पैसे देतो, तुला यायची गरज नाही." त्याने मला सल्ला विचारला. मी बीबीए झालेला, घरातला शहाणा माणूस. मी म्हणालो, "बसल्या जागी पैसे येतात, घे."

चार वर्षं त्याने काउंटर पाहिला नाही. मग तपासणी झाली. दुकानात फार्मासिस्ट नव्हता. दुकानदाराला नोटीस आली आणि याच्याही नोंदणीवर बेतलं. फार्मसी कायदा १९४८ चं कलम ४२ स्पष्ट आहे, नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध द्यायचं नाही. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना राज्यभर याच मुद्द्यावर कडक तपासण्या झाल्या होत्या आणि औषध विक्रेत्यांनी बंदही पुकारले होते. म्हणजे मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी लक्ष दिलं नाही, एवढंच.

पण नोटिशीपेक्षा मोठं नुकसान वेगळं होतं. त्याला काम येत नव्हतं. कोणतं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, एच-वन रजिस्टर कसं लिहायचं, ते तीन वर्षं जपायचं, इन्सुलिन कसं ठेवायचं, दोन गोळ्या एकत्र चालत नाहीत तेव्हा डॉक्टरला फोन कसा करायचा, यातलं काहीच हाताखालून गेलं नव्हतं. आणि त्या दुकानात त्याच्या नावाने चार वर्षं औषधं कोण देत होतं? बारावी नापास मुलगा. एखाद्याच्या आईला चुकीची गोळी गेली असती तर कागदावर नाव माझ्या भावाचं होतं.

आज तो अकोल्यात एका हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये नोकरी करतो. पहिल्या वर्षी शिकायचं ते पाचव्या वर्षी शिकतोय. म्हणून सांगतो, सर्टिफिकेट भाड्याने द्यायचा विचार असेल तर फार्मसी शिकूच नका. ते सर्टिफिकेट म्हणजे स्वतः काउंटरला उभं राहायचा हक्क आहे.

हिशोबातही हेच दिसतं. वरच्या उदाहरणात मालक स्वतः फार्मासिस्ट नसता आणि १२,००० पगारावर फार्मासिस्ट ठेवला असता, तर १६,१०० मधले ४,१०० उरले असते, हप्ता भरायच्या आधी. तुमच्या डिग्रीची खरी किंमत ही आहे, पण तुम्ही उभे राहिलात तरच.

दुकान टाकायचंच असेल तर

रिटेल लायसन्ससाठी किमान १० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट जागा लागते. फ्रिज लागतो. अन्न व औषध प्रशासनाकडून फॉर्म २० आणि २१ चे परवाने मिळतात. परवाना चालू ठेवायला दर पाच वर्षांनी फी भरायची असते.

जनऔषधी केंद्राचाही विचार करा. त्यात दुकानदाराला एमआरपीवर, कर वगळून, २० टक्के मार्जिन आहे. महिन्याच्या खरेदीवर २० टक्के, जास्तीत जास्त २०,००० रुपये महिना, असं एकूण ५ लाखांपर्यंत प्रोत्साहनही ठेवलेलं आहे. आपला वाशीम नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि अशा जिल्ह्यांसाठी फर्निचर, कॉम्प्युटरला २ लाखांपर्यंत वेगळी मदत योजनेत आहे. अर्जाच्या दिवशी चालू असलेले नियम वेबसाइटवर बघूनच आकडे धरा. अडचण अशी की डॉक्टर ब्रँड लिहून देतात आणि तुम्हाला परस्पर बदलून दुसरं देता येत नाही. त्यामुळे आधी जवळच्या डॉक्टरांशी बोला.

आणि ज्यांना फार्मसी शिकायची नाही पण औषधाच्या धंद्यात यायचं आहे, त्यांना होलसेलचा रस्ता आहे. तिथे औषध व्यवहाराचा एक वर्षाचा अनुभव असलेला कोणत्याही शाखेचा पदवीधर किंवा चार वर्षांचा अनुभव असलेला दहावी पास माणूसही जबाबदार व्यक्ती म्हणून चालतो. भांडवल मात्र जास्त लागतं.

गृहपाठ

१. मुलाला किंवा मुलीला फॉर्म भरण्याआधी पंधरा दिवस ओळखीच्या मेडिकलवर पाठवा. औषध द्यायचं नाही, फक्त माल लावायचा, बिलं बघायची, लोक काय विचारतात ते ऐकायचं.

२. जिथे दुकान टाकायचं तिथे आधीच किती मेडिकल आहेत आणि रोज बसणारे डॉक्टर किती, ते मोजा.

३. वरचा हिशोब तीन गल्ल्यांवर मांडा: ४,०००, ६,००० आणि १०,०००. चार हजारावर घर चालत नसेल, तर पहिली दोन वर्षं घर कशावर चालणार ते लिहा.

४. शेवटचा प्रश्न मुलालाच विचारा, बापाला नाही: "रोज बारा तास इथे उभा राहशील का?"

काकांना मी हेच कागदावर लिहून दिलं. फॉर्मची तारीख जायला अवकाश होता. आठ दिवसांनी काका एकटेच आले. म्हणाले, "पोरगं जाते रोज मेडिकलवर. काल म्हणे, बाबा, त्या दुकानात अर्धे लोक उधारच नेतात." मग थोडं थांबून म्हणाले, "जमीन नाही ठेवत गहाण. फॉर्म भरू, पण सरकारी कॉलेज पहिलं टाका."

मग आम्ही फॉर्म उघडला.

तुमची वही तयार झाली की हिशोबाचा फोटो पाठवा, पुढच्या व्हिडिओत आपण दोन-तीन हिशोब सगळ्यांसमोर सोडवू.