नखकलेची स्पर्धा : उद्दिष्ट कसे ठरवावे?

मंगलकार्यात बोटांची अग्रे मेंदीने रंगविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आता नखांचे रंगकाम हा स्वतंत्र व्यवसाय झाला असून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील कॉस्मेटॉलॉजी या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात हात, पाय व नखे यांची निगा शिकविली जाते. या कौशल्याच्या स्पर्धाही होतात. नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरील रामटेकसारख्या गावातील मुलीने त्यांत अवश्य उतरावे. मात्र पहिल्याच वर्षी राष्ट्रीय पदकाचे ध्येय धरून उसनवारीने महाग साहित्य घेतले आणि अपयश आले, तर पैसा जातो आणि कलाही सुटते. म्हणून उद्दिष्ट विचारपूर्वक ठरविणे आवश्यक आहे.

स्पर्धेचे स्वरूप

‘वर्ल्डस्किल्स’ ही जागतिक कौशल्य स्पर्धा साधारणतः दर दोन वर्षांनी भरते. २०२४ ची स्पर्धा फ्रान्समधील लियाँ येथे झाली. तीत नखांचे काम ‘ब्युटी थेरपी’ या गटात मोडते. त्वचेची निगा, रंगभूषा इत्यादी कामेही त्याच गटात येत असल्याने केवळ नखकला येऊन भागत नाही. भारतीय स्पर्धकांची निवड ‘इंडिया स्किल्स’ मधून होते. या गटात स्पर्धेच्या वर्षी वय २२ पेक्षा अधिक असून चालत नाही. दहावीनंतर प्रशिक्षण घेणाऱ्या मुलीच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन संधी येतात, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

गुण कशाला मिळतात?

गुणदान दोन प्रकारचे असते. काही बाबी मोजून ठरतात. काही बाबी परीक्षक पारखून शून्य ते तीन या श्रेणीत बसवितात. व्यवसायात अपेक्षित दर्जा गाठल्यास एक आणि सर्वोत्कृष्ट कामास तीन, अशी ही श्रेणी आहे. यावरून उद्दिष्टाचे सूत्र मिळते : क्रमांक इतरांच्या कामावरही अवलंबून असतो, दर्जा मात्र स्वतःच्या हाती असतो.

तीन पायऱ्या

पहिल्या पायरीवर दहाही नखांचा आकार सारखा यावा, रंग कडेच्या त्वचेला लागू नये आणि हत्यारे निर्जंतुक असावीत, एवढेच ध्येय ठेवावे. दुसऱ्या पायरीवर तेच काम घड्याळ लावून ठरावीक वेळेत करावे आणि प्रत्येक वेळची नोंद वहीत ठेवावी. तिसऱ्या पायरीवर नक्षीकाम घ्यावे. रामटेकच्या पानमळ्यातील विड्याचे पान किंवा गडावरील मंदिराचे शिखर यांसारखे परिचित आकार येथे उपयोगी पडतील. पहिली पायरी पक्की होण्यापूर्वी तिसरीवर जाऊ नये.

निसर्गाची मर्यादा

हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. मुळापासून पूर्ण नवे येण्यास सुमारे सहा महिने लागतात. अति घासून पातळ केलेले नख स्पर्धेपूर्वी सुधारेलच असे नाही. धानाच्या रोवणीत सतत पाण्यात राहून नखे मऊ होतात. अशा दिवसांत कृत्रिम नखांवर सराव करावा. ॲसिटोन ज्वालाग्राही असल्याने चुलीजवळ काम करू नये. खोलीत हवा खेळती असावी.

शिक्षक व पंचायतींचे साहाय्य

निदेशकांनी महिन्यातून एकदा अनोळखी परीक्षकाकडून काम तपासून घ्यावे. आप्तांची शाबासकी हे गुणदान नव्हे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. नियमांच्या चौकटीत तिच्यातून सरावाचे सामायिक साहित्य घेता येईल काय, याचा सदस्यांनी विचार करावा. त्यामुळे एकेका कुटुंबावर कर्जाचा भार पडणार नाही.

जिल्हा पातळीवर वेळेत आणि निर्दोष काम पूर्ण करणे हे पहिल्या वर्षाचे पुरेसे उद्दिष्ट होय. जागतिक स्पर्धेतही पदक न मिळालेल्या, परंतु ७०० गुणांची पातळी गाठणाऱ्या स्पर्धकांचा ‘मेडॅलियन फॉर एक्सलन्स’ देऊन गौरव होतो. पदक हुकले तरी हाताला आलेली सफाई लग्नसराईत रोजगार मिळवून देते.