भोपळा फुलतो, पण धरत का नाही?



गेल्या दोन मोसमांत एक तक्रार आमच्या कानावर वारंवार आली. तांबड्या भोपळ्याचा वेल भरभरून फुलतो, पण फळ धरत नाही. बोराएवढे झाले की पिवळे पडून गळते. शेणखत घातले, पाणी कमीजास्त केले, तरी तेच. म्हणून या रविवारच्या अभ्यासासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे.

भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुले आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या खाली चिमुकले फळ आधीपासूनच असते. पहाटे फूल उमलते आणि दुपारच्या आत मिटते. तेवढ्या वेळात नर फुलातला पराग मादी फुलावर पोहोचला पाहिजे. हा पराग जड व चिकट असतो, वाऱ्याने तो जात नाही. मधमाशी आली नाही तर फळ गळणारच. काकडी आणि कारल्याचेही तसेच आहे. (केळीला आणि पानवेलीला मधमाशीची गरज नाही, त्यामुळे केळीच्या वाडीवाल्यांना ही चिंता ठाऊक नाही!)

मधमाशी म्हटले की आपल्याला पोळे आठवते. आग्या, सातेरी, फुलोरी आणि डंख नसलेली पोयाची माशी एवढ्यांची नावे आपण ऐकलेली असतात. पण जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकट्या राहतात. त्यांना पोळे नाही, राणी नाही, साठवलेला मध नाही. मादी एकटीच जमिनीत किंवा लाकडात बीळ करते, त्यात पराग व मकरंदाचा गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते आणि तोंड बंद करून निघून जाते. पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी अशीच मातीत किंवा मातीच्या भिंतीत घर करते. आपला काळा भुंगा वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत राहतो.

या दोघांचे वांग्यावर मोठे उपकार आहेत. वांग्याच्या फुलात पराग एका बंद नळीत असतो आणि नळीच्या टोकाला फक्त बारीक भोक असते. भुंगा फुलाला लटकतो, अंग जोराने थरथरवतो आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसा पराग खाली पडतो. सातेरीला किंवा आग्याला ही युक्ती जमत नाही. वाऱ्याच्या हेलकाव्यानेही थोडी वांगी धरतात, पण भुंगा आला तर जास्त धरतात.

आता वसईकडे पाहू. २००९ साली आपली महानगरपालिका झाली, पण वाड्या तुटायला त्याआधीच सुरुवात झाली होती. वाडी गेली की फुले जातात, हे सर्वांना दिसते. बिळे जातात, हे कोणी पाहत नाही. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसतात, मातीचे कुंपण जाऊन सिमेंटची भिंत येते, वाळलेली फांदी दिसली की तोडली जाते. त्याऐवजी कुंड्यांतून दुहेरी पाकळ्यांची फुले येतात. ती दिसायला सुंदर, पण त्यांतले पुंकेसरच पाकळ्या होऊन बसलेले असतात, मग माशीने तेथे येऊन काय करावे? दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी हेही सांगितले पाहिजे की आपल्या चर्चच्या आवारात ब्लॉक बसवले तेव्हा आम्हीच पुढे होतो. ग्रोटोमागच्या मातीच्या भिंतीत बारीक भोके होती. ती लिंपून घ्या, असे आम्हीच गवंड्याला सांगितले होते.

हवेचाही प्रश्न आहे. बंगळुरूमध्ये आग्यामाश्यांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. मध्यम व जास्त प्रदूषणाच्या भागांतून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माश्या चोवीस तासांत मेल्या. आपल्या महामार्गालगत काय होत असेल, याचा विचार करावा.

त्यात हवामान बदलले आहे. पोळ्यातल्या पिलांना साधारण ३४ ते ३५ अंश तापमान लागते. ऊन फार वाढले की माश्या फुले सोडून पाणी आणण्यात आणि पंखांनी वारा घालण्यात गुंततात. अवेळी पाऊस आला की पराग भिजतो, मकरंद धुऊन जातो आणि माशी घरातच अडकते. एकट्या माशीचे आयुष्य तर काही आठवड्यांचेच असते. तेवढ्यात फुलांचा आणि तिचा मेळ चुकला की तिची पुढची पिढी चुकली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पडलेली जुनी झाडे आठवा. त्यांच्या ढोलींत कित्येकांची घरे होती.

पास्काच्या रात्री मोठ्या मेणबत्तीपुढे जी घोषणा गायली जाते, तिच्या मूळ लॅटिन शब्दांत मधमाश्यांच्या श्रमाचा उल्लेख आहे. आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात लिहिले की विषारी फवारणीमुळे नाहीसे होणारे अनेक कीटक शेतीच्या उपयोगाचे असतात.

आता कामाचे. भोपळ्याच्या मोसमात सकाळी आठच्या आत नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलावर हलकेच टेकवा, फळ धरेल. फवारणी करावीच लागली तर फुले मिटल्यावर, संध्याकाळी करा. आग्या मोहोळ दिसले की रात्री मशाल लावून जाळू नका. ते वाटेवर नसेल तर राहू द्या, मोसम संपला की माश्या आपणहून उठून जातात.

दफनभूमीच्या मागची मातीची पट्टीही फरसबंद करावी, अशी सूचना धर्मग्राम परिषदेपुढे आली आहे. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर त्यावर चर्चा आहे. त्याआधी एखाद्या सकाळी उन्हे वर आल्यावर तेथे दहा मिनिटे उभे राहून पाहा. आम्ही गेलो होतो तेव्हा जमिनीत पेन्सिलीएवढी अकरा भोके मोजली. त्यांतल्या तीन भोकांत माश्यांची ये-जा चालू होती.