बरा होणे, उतार पडणे, उलटणे : काही शब्दांचा पाठ

आजाऱ्याच्या घरून येणाऱ्या उपदेशकास मंडळीतील लोक पहिला प्रश्न करतात तो हा की, "तो बरा झाला काय?" ह्या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळ अवलंबून असते. "बरा झाला" असे ऐकून कोणी औषध सोडतो, आणि "बरा होत नाही" असे ऐकून घरचे लोक आजाऱ्याचे ताट निराळे करतात. यास्तव ह्या शब्दांचे अर्थ आपण नीट समजून घेऊ.

१. उतार. गोदावरीकाठच्या लोकांस हा शब्द दोन प्रकारे ठाऊक आहे. नदी पायी ओलांडता येते ती जागाही उतार, आणि दुखणे कमी होते तोही उतार. नदीच्या उतारास पाणी असतेच. ते उथळ असते इतकेच. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयात आपल्या खेड्यांतून जे जातात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. गाठ लहान झाली तर तो अंशतः उतार होय. तपासणीत रोगाचे चिन्हच दिसेनासे झाले तर तो पूर्ण उतार होय. तथापि दिसत नाहीत इतक्या थोड्या रोगपेशी मागे राहिलेल्या असू शकतात. म्हणून डॉक्टर "बरा" हा शब्द लगेच उच्चारत नाहीत, व पुढे कित्येक वर्षे तपासणीस बोलावतात.

इंग्रज लोक उतारास 'रेमिशन' म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ सैल करणे, परत पाठवणे असा आहे. ताप उतरणे, कर्जाची सूट व पापांची क्षमा ह्या तिहींस तो लावतात. परंतु शब्द एक म्हणून गोष्टी एक होत नाहीत. सोडलेले कर्ज प्रामाणिक सावकार पुन्हा वहीत लिहीत नाही. उतरलेला रोग मात्र पुन्हा चढू शकतो. तेव्हा रोग परत आला म्हणजे पापांची क्षमा झाली नव्हती, किंवा आजाऱ्याचा विश्वास खोटा होता, असे जो म्हणतो तो शब्दात फसतो आणि दुःखितास अधिक दुःख देतो.

२. माघार. रोगाने माघार घेतली तर घरात आनंद होतो. मनुष्य विश्वासात माघारला तर मंडळीस खेद होतो. म्हणून हा शब्द ऐकताच, मागे कोण गेला, व कशापासून, असे विचारावे.

३. उलटणे. उतार पडलेले दुखणे पुन्हा डोके वर काढते तेव्हा ते उलटले असे आपण म्हणतो. कुष्ठरोगाविषयी हा शब्द फार जपून वापरावा. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ह्या रोगावर अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने ही औषधे नेमाने घेतल्यावर मनुष्य रोगमुक्त होतो. बधिर झालेली बोटे तशीच राहिली म्हणून रोग राहिला असे होत नाही; ती गेलेल्या रोगाची खूण होय.

कधी कधी उपचार चालू असता, किंवा संपल्यावरही, चट्टे लाल होऊन सुजतात व नसा दुखतात. लोक म्हणतात, रोग उलटला. बहुधा तसे नसते. रोगजंतूंच्या अवशेषांशी शरीराचा तो झगडा असतो. परंतु त्याने नसा कायमच्या निकामी होऊ शकतात. यास्तव त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. रोग खरोखर उलटणे विरळा असते, आणि तसे झाले तरी औषध आहे.

४. शुद्ध, बरा, तारलेला. लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. तेथे मूळ ग्रीक भाषेत तीन निरनिराळी क्रियापदे आहेत. दहाही जण शुद्ध झाले, म्हणजे गावात परत येण्यास मोकळे झाले. एकाने पाहिले की आपण बरे झालो. जो मागे फिरून उपकार मानण्यास आला, त्याच्याविषयी जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ बरे करणे व तारणे असा दुहेरी आहे. येथे मागे फिरणे हे पतन नव्हे, हेही लक्षात घ्यावे. शिवाय लेवीय पुस्तकात वस्त्रांस व घराच्या भिंतींसही तोच दोष सांगितला आहे. यावरून त्या काळचा तो शब्द आजच्या एकाच रोगाचे नाव नव्हता, हे उघड आहे.

जुना शब्द औषधाच्या मागे किती काळ रेंगाळतो ते पाहा. आपल्या ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात "असाध्य" कुष्ठरोग हे विवाह मोडण्याचे एक कारण होते. रोग साध्य होऊन कित्येक वर्षे लोटल्यावर, २०१९ साली, संसदेने ते काढून टाकले. कायद्यातून शब्द गेला. आपल्या जिभेवरून तो गेला आहे काय?

मंडळीत विचारण्यासाठी प्रश्न :
१. उतार पडणे व बरा होणे यांत भेद काय?
२. चट्टे पुन्हा लाल झाले तर आपण काय म्हणावे, आणि काय करावे?
३. जो रोगमुक्त झाला, त्याचे ताट आपल्या गावात अजून निराळे आहे काय?