दांडेली : जंगलाच्या गावाची बदलती कमाई



आपल्या वहीचा कागद कोठून येतो, असे वर्गात विचारले की 'दुकानातून' हे पहिले उत्तर मिळते आणि 'झाडापासून' हे दुसरे. या पाठात आपण त्याच्याही मागे जाऊ. बेळगावहून खानापूर, हल्याळ करीत शंभर किलोमीटरच्या आत दांडेली येते. उत्तर कन्नड जिल्ह्यातले, काळी नदीच्या काठचे हे गाव. बाजारात उभे राहिले तर कन्नड, मराठी, कोंकणी, उर्दू अशा चार भाषा कानी पडतात. भोवतालच्या रानात कुणबी, गवळी आणि सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत.

लाकूड आणि कागद

दांडेलीची पहिली कमाई सागवानाची. इंग्रजी अमलात येथील लाकूड बाहेर नेण्यासाठी अळणावरपासून रेल्वेचा फाटा टाकला गेला. लाकडाचा सरकारी डेपो, करवतीच्या गिरण्या, प्लायवूडचा कारखाना यांवर गाव वाढले. 1955 साली वेस्ट कोस्ट पेपर मिल्स ही कंपनी स्थापन झाली आणि बांबूपासून कागद होऊ लागला. गिरणीच्या पगारावर अनेक घरे उभी राहिली, मुले शिकली. पण बांबू सगळ्यांनाच हवा होता. टोपल्या, सुपे विणणाऱ्या बुरूड आणि मेदार लोकांना तो मिळेनासा झाला.

1970 च्या दशकात पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या जिल्ह्यातील बांबूचा अभ्यास केला. बांबूच्या बेटाच्या तळाशी काटेरी फांद्यांची दाट जाळी असते. ही जाळी काढली की बेट मोकळे होऊन चांगले वाढेल, अशी वनखात्याची समजूत होती. म्हणून ती साफ केली जाई. गावकरी मात्र सांगत होते की, हे काटे म्हणजे कोवळ्या कोंबांचे कुंपण आहे. ते काढले की गुरे आणि रानातली जनावरे कोंब खाऊन टाकतात. पाहणीत गावकऱ्यांचेच म्हणणे खरे ठरले. ज्यांनी जंगल जवळून पाहिले होते, त्यांना कोणी आधी विचारलेच नव्हते!

1988 च्या राष्ट्रीय वननीतीने कारखान्यांना सांगितले की, लागणारा कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांच्या मदतीने पिकवावा. आज कागदासाठी सुबाभूळ, निलगिरी, सुरू यांचे लागवडीचे लाकूड वापरले जाते. गिरणी चालू आहे, पण प्लायवूडचा कारखाना बंद पडला आणि तेथील कामगारांना दुसरी वाट शोधावी लागली.

पाणी

काळी नदीवरचे सुपा धरण 1987 मध्ये पूर्ण झाले. वीज मिळाली, पण जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले आणि विस्थापितांपैकी अनेकांनी रामनगरात नव्याने संसार मांडला. त्याच धरणाचे पाणी वीजनिर्मितीसाठी सोडले की गणेशगुडीजवळ प्रवाह खळाळतो आणि त्यावर रबरी होड्यांतून पर्यटक जातात. एकाच पाण्याने कोणाचे घर बुडाले आणि कोणाला रोजगार मिळाला, हे दोन्ही आपण लक्षात ठेवले पाहिजे.

उभे जंगल

दांडेली अभयारण्य 1956 चे. 2007 मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला; 2015 मध्ये त्याला काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळाले. येथे धनेश पक्ष्याच्या चार जाती आढळतात. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी घालते आणि नर तिला बाहेरून फळे भरवतो. लाकडाच्या व्यापाऱ्याला पोकळ झाड कमी किमतीचे; धनेशाला मात्र तेच हवे. आज तो पक्षी पाहायला दुरून लोक येतात. म्हणजे पूर्वी तोडलेल्या झाडाचे पैसे मिळत, आता उभ्या झाडाचेही मिळतात.

पण ते कोणाला मिळतात? ज्याच्याकडे जमीन आणि भांडवल, तो रिसॉर्ट बांधतो. रानात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यावर मात्र निर्बंध येतात आणि त्याच्या मुलाला तेथे खोल्या झाडण्याचे काम मिळते. तोच मुलगा पक्षी ओळखू शकतो, वाट दाखवू शकतो. त्याला शिक्षणाची आणि संधीची जोड हवी. शिवाय पर्यटन हाही भरवशाचा एकमेव आधार नव्हे. 2020 च्या टाळेबंदीत पर्यटकांवर चालणारे धंदे देशभर एकाच वेळी थांबले.

म्हणून आम्हाला वाटते की, दांडेलीचा धडा केवळ दांडेलीपुरता नाही. एकाच गोष्टीवर सारे गाव अवलंबून राहिले की ती संपताच गाव अडचणीत येते. लाकूड संपते, कारखाना बंद पडतो. आपल्या परिसराची जाण मात्र वापरल्याने वाढते. ती जाण आपल्या मुलांच्या हाती देणे, हे शाळेचे आणि पालकांचेही काम आहे.

स्वाध्याय

1. बांबूच्या बेटातील काटेरी जाळी काढल्याने नुकसान का होते?
2. सुपा धरणाचे फायदे आणि तोटे कोणाकोणाच्या वाट्याला आले?
3. आपल्या आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या तरुणपणी गावात कोणते धंदे होते? त्यांपैकी कोणते उरले, कोणते गेले आणि का? त्यांची उत्तरे एका पानात लिहा.